रेहाना सिस्टरांचा संशय

रेहाना सिस्टर अकरा वर्षं माझ्याकडे औषधं न्यायला येत होत्या आणि अकरा वर्षांत त्यांनी माझ्याकडचा एक कप चहा घेतला नाही. आधी मला वाटलं, रोजा असेल. मग वाटलं, साखर झाली असेल. शेवटी आमच्या शिपायानेच सांगितलं, "साहेब, त्या कोणाकडंच काय घेत नाय. बाईचा कोणावर भरोसाच नाय." त्यांच्या पिशवीत स्वतःचा थर्मास असायचा. बिस्किटाचा पुडा स्वतःच्या हाताने फोडला असेल तरच त्या त्यातलं बिस्कीट उचलत, आणि फोडण्याआधी त्यावरची तारीख वाचत. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा वाजलेले दिसत असले तरी दोघातिघांना वेळ विचारून खात्री करून घेत.

मी खालापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माता आहे. नाव मोठं आहे, पण मी काही निर्माण करत नाही. आलेली औषधं मोजून घेतो, गेलेली मोजून देतो आणि मधल्या वेळात रजिस्टर भरतो. सिस्टर आमच्या केंद्राखालच्या एका उपकेंद्राच्या नर्स. डोंगराच्या पायथ्याच्या चार ठाकरवाड्या आणि हायवेलगतची दोन गावं त्यांच्याकडे होती. त्यांचं माहेर म्हसळ्याकडचं, सासर खालापूरचं, आणि नवऱ्याचं कुंभिवलीला हायवेवर पंक्चरचं दुकान. बाई ठेंगणी, रुंद, डोक्यावरून ओढणी घट्ट घेतलेली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर असायचा, कारण काचेतून त्या कागद बघत आणि काचेवरून माणूस.

मी नवीन रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला काचेवरून बघितलं. लहान मुलांना पाजायच्या अ जीवनसत्त्वाच्या बाटल्या न्यायला आल्या होत्या. मी बाटल्या पुढे केल्या तर त्यांनी हात लावला नाही.

"या खिडकीतनं ऊन येतं का?"

"नाही," मी म्हटलं. खरं तर मला माहीतच नव्हतं, पण नव्या नोकरीत 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटते.

"बरं," म्हणाल्या आणि बाटल्या न घेताच गेल्या. चार वाजता परत आल्या. पश्चिमेची तिरीप बरोबर कपाटाच्या मधल्या फळीवर पडली होती. त्यांनी मागच्या अंधाऱ्या फळीवरच्या बाटल्या स्वतः उचलल्या, एकेकीचं झाकण तपासलं आणि सही करताना म्हणाल्या, "उजेडानं याच्यातला जीव जातो, भाऊ. मग नुसता गोड पाक उरतो. पोरांना पाक पाजायला मी डोंगर चढत नाय."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुमचा माझ्यावर संशय आहे का?"

"आज बाटलीवर हाय. तुमच्यावर सावकाशीनं घेईन."

दुसऱ्या दिवशी मी शिपायाला हाताशी घेऊन कपाट हलवलं, पण मनातला राग हलला नाही. पुढची दोन-तीन वर्षं मी त्यांच्यावर डूख धरून होतो, हे कबूल करायला आता हरकत नाही.

माणसाच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. विश्वास होता तो जिभेवर, नखांवर आणि डोळ्यांच्या पापण्यांवर. "तोंड खोटं बोलतं, जीभ नाय बोलत," हे त्यांचं आवडतं वाक्य. कोणीही समोर आलं की नमस्कार-चमत्कार नाही, "जीभ दाखव." वाडीतली पोरं त्यांना लांबून पाहिल्यावर जीभ बाहेर काढूनच पळत यायची. पांढुरकी जीभ म्हणजे रक्त कमी. लाल, गुळगुळीत जीभ आणि तोंडाचे कोपरे चिरलेले म्हणजे ब जीवनसत्त्वाची बोंब. हिरड्यांतून रक्त येत असेल तर त्या विचारत, "आंबट शेवटचं कदी खाल्लं रं?" एकदा मासिक सभेत नवे डॉक्टर आम्हाला सकस आहारावर भाषण देत होते. सिस्टर पहिल्या रांगेतून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचे ओठाचे कोपरे फाटलेत. घरचा डबा येत नाय वाटतं. वडापाववर चाललंय." डॉक्टर खोपोलीला शिळफाट्यावर खोली घेऊन एकटेच राहत होते आणि चाललं होतं ते खरंच वडापाववर. त्या दिवसापासून डॉक्टरांचा त्यांच्यावर राग, म्हणजे आम्ही दोघं एका पक्षात आलो.

वाडीतल्या सावित्रीची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली, पण त्या गोष्ट सांगत नव्हत्या, जास्तीच्या गोळ्या का हव्यात त्याचं कारण देत होत्या. सावित्रीला पाचवा महिना होता. रक्तवाढीच्या गोळ्या दिलेल्या. सिस्टरांनी विचारलं, "गोळी खातेस?"

"खाते ना बाय."

"रोज?"

"रोज."

"शी कंच्या रंगाची होते गं?"

पोरगी लाजून पदर चावायला लागली. "कंच्या म्हंजी? असती तशी. पिवळी."

"मग गोळ्या कोण खातंय, तुझी कोंबडी? लोखंडाची गोळी पोटात गेली की शी काळी होते."

गोळ्या तांदळाच्या डब्याखाली फडक्यात बांधलेल्या निघाल्या. सासूने सांगितलं होतं, या गोळ्यांनी पोर पोटात मोठं होतं आणि सुटका होत नाही. सिस्टर सावित्रीला एक अक्षर बोलल्या नाहीत. सासूला समोर बसवलं, तिच्यादेखत त्यातली एक गोळी स्वतः गिळली आणि म्हणाल्या, "आता माझं पोट मोठं होतं का ते बघायला पुढच्या मंगळवारी येते." दर मंगळवारी त्या गेल्या. सावित्री त्यांच्यासमोर गोळी गिळायची, जीभ दाखवायची आणि मग दोन मिनिटं बडबड करायची, कारण गालात लपवलेली गोळी बोलताना सापडते असा सिस्टरांचा अनुभव होता. पुढे बाळंतपणही सुखरूप झालं. फडक्यात बांधून ठेवलेल्या त्या गोळ्या दमट झाल्या होत्या, म्हणून त्या दिवशी त्यांना माझ्याकडून नव्या हव्या होत्या.

माझा त्यांच्यावर खरा संशय होता तो आकड्यांवरून. अ जीवनसत्त्वाचे डोस दर सहा महिन्यांनी द्यायचे असतात. बाकीच्या नर्सांचे अहवाल पूर्ण भरून यायचे, सिस्टरांचा नेहमी कमी. बाटल्या घ्यायच्या तेवढ्याच आणि पोरं मात्र कमी! मी मनात म्हणायचो, एवढी चिकित्सा करणारी बाई, मग उरलेलं औषध जातं कुठं? एका डिसेंबरात तर त्या एका वाडीचा चक्क शून्य घेऊन आल्या. बाटल्या सीलबंद परत.

झालं होतं असं की, कुंभिवलीच्या बाजूच्या कुठल्याशा कारखान्याने पाच दिवसांपूर्वी वाडीत शिबिर घेतलं होतं. बॅनर लावला, फोटो काढले, पोरांना बिस्किटाचे पुडे वाटले आणि हाच डोस पाजला. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. आमच्या फेरीलाही खाऊ मिळतो हे आयांना ठाऊक होतं, म्हणून एकजात सगळ्या म्हणाल्या, "नाय दिला बाय." सिस्टरांनी बाटली उघडायच्या आधी पहिल्या पोराची कॉलर धरली. कॉलरवर तेलकट पिवळा डाग होता.

"हा डाग कसला गं?"

"आंब्याचा."

"डिसेंबरात?"

मग त्या वाडीतल्या प्रत्येक पोराच्या कॉलरी बघत फिरल्या. निम्म्यांवर तोच डाग होता. बाकीची अंघोळ घालून धुतलेल्या कपड्यांत होती. त्यांनी कोणालाच डोस दिला नाही. सभेत डॉक्टर भडकले, "अहो, जीवनसत्त्व आहे ते, विष नाही! थोडं जास्त गेलं तर काय होतं?"

"तान्ह्याला गेलं तर ओकतं आणि टाळू फुगते," सिस्टर म्हणाल्या. "आणि टाळू फुगली की माझ्या दारात येतील, त्या कारखान्यात नाय जाणार."

त्या महिन्यात केंद्राचा आकडा पडला आणि सिस्टरांना नोटीस आली. त्यांनी तिच्यावरची तारीख बघून ती पिशवीत टाकली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाईट माणसाला बरं वाटतं तसंच वाटलं होतं, दुसरा शब्द नाही.

माझं मत बदललं ते एका संध्याकाळी. लसींची जीप नादुरुस्त होती, म्हणून मी मोटारसायकलवर त्यांच्यासोबत वाडीवर गेलो होतो. काम चारलाच संपलं, पण सिस्टर हलेनात. अंगणवाडीच्या पायरीवर बसून राहिल्या. मी घड्याळ बघत होतो. दिवस मावळला, घराघरांतून धूर निघायला लागला, समोरचा माणूस ओळखू येईनासा झाला, तेव्हा त्यांनी पिशवीतून मूठभर बोरं काढली आणि अंगणात भिरकावली. पोरं झेपावली. गलका झाला. एक पोरगी, सहा-सात वर्षांची, भिंतीला टेकून तशीच उभी राहिली.

"ही का नाय गेली?" सिस्टरांनी विचारलं.

"पिंकी व्हय? ती लाजाळू हाय," आई म्हणाली. "सांच्याला कुटं जात नाय. बसून ऱ्हाते."

"सकाळी लाजाळू नव्हती. माझी पिशवी ओढत होती."

सिस्टर उठल्या, एक बोर पिंकीच्या पायापाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "घे." पिंकी वाकली आणि हाताने जमीन चाचपायला लागली. बोर तिच्या अंगठ्याजवळ होतं. ती सगळीकडे चाचपत होती, चेहऱ्यावर हसू आणून, कोणाला कळू नये म्हणून. बॅटरीच्या उजेडात सिस्टरांनी तिचे डोळे उघडून दाखवले. पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा बारीक चट्टा होता. रातांधळेपणाची ती खूण. तसंच राहिलं असतं तर पुढे डोळाच गेला असता.

दुसऱ्या दिवशीपासून पिंकीला उपचाराचे डोस सुरू झाले. ही पोरं वीटभट्टीवर जातात, सहा महिन्यांच्या फेरीला वाडीत नसतात, आणि अहवालात मात्र कोणीतरी त्यांच्या नावापुढे खूण करून टाकतं. सिस्टरांचा आकडा कमी असायचा, कारण त्या फक्त पाजलेली पोरं मोजत आणि न उघडलेल्या बाटल्या भट्टीवरून परतणाऱ्या पोरांसाठी राखून ठेवत. तिच्या आईला त्यांनी आणखी एक सांगितलं. "शेवग्याचा पाला खाता, टाकळा खाता, पण नुसता उकडून. चमचाभर तेल घाला गं त्यात. तेलाबिगर ते डोळ्यापर्यंत पोचत नाय." महिन्याभराने पिंकी तिन्हीसांजेला अंगणात आट्यापाट्या खेळताना मी पाहिली. त्या दिवसापासून मी सिस्टरांना मनात शिव्या देणं सोडलं.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय सिस्टर कळायच्या नाहीत, आणि मीही.

मी कर्जतला भिसेगावात राहतो. आई, बायको मानसी आणि मी. आईचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची पावडर लिहून दिली, आठवड्याला एक पुडी, दोन महिने. मी ओळखीच्या मेडिकलमधून मोठा डबाच आणला. निघायच्या घाईत होतो, पायात बूट होते. आईने विचारलं, "कशात घेऊ रे ही?" मी म्हटलं, "दुधातनं." आठवड्यातून एकदा, हे म्हणालोच नाही. आई दूध रोज पिते, म्हणून तिने पुडीही रोज घेतली. गुडघ्यांना आराम पडला. डबा संपला म्हणाली, मी दुसरा आणला. मग तिसरा. एवढ्यात कसा संपला, हे माझ्या डोक्यात आलं नाही. दिवसभर गोळ्या मोजणारा माणूस घरी पुड्या मोजत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

काही आठवड्यांनी आई खंगायला लागली. तोंडाला चव नाही, सारखी तहान, सारखी लघवी, शौचाला होत नाही, मळमळ. मग बोलण्यात गोंधळ व्हायला लागला. मला एकदा माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. साखर तपासली, ती नव्हती. कोणी म्हणालं मूत्रपिंड, कोणी म्हणालं वय. आणि आईने आपला निकाल लावून टाकला होता.

"दूध प्यायलं की पोटात ढवळतं," ती एकदा मला जवळ बोलावून म्हणाली. "ही त्यात कायतरी घालते."

ही म्हणजे मानसी. दूध तापवून मानसीच तिच्या हातात द्यायची, पुडी आई स्वतः मिसळायची. खालच्या मजल्यावरच्या एका बाईने त्यात करणीची फोडणी दिली. मानसी रडली, मग रडायची थांबली आणि घरात मुक्यासारखी वावरायला लागली. मी तिची बाजू घेतली असं मला सांगायचं आहे, पण ते खोटं होईल. एका सकाळी मानसी अंघोळीला गेली तेव्हा मी दुधाच्या पातेल्याचा वास घेतला. मागे वळलो तर ती दारात उभी होती.

मी रजेवर होतो म्हणून सिस्टर मागणीपत्रावर सही घ्यायला घरी आल्या. मला वाटलं, आल्याच आहेत तर चौकशी करून जातील. त्या आईच्या पलंगाशी बसल्या आणि म्हणाल्या, "आई, जीभ दाखवा." जीभ कोरडी, लाकडासारखी. मग किती वेळा तहान, किती वेळा लघवी, कधीपासून, अशी उलटतपासणी सुरू झाली. मला विचारलं, "औषधं काय चालू हायत?"

मी रक्तदाबाची गोळी सांगितली.

"आणि?"

"आणि काही नाही. व्हिटॅमिनची पावडर आहे, ती काय."

सिस्टर उठल्या आणि गॅलरीत गेल्या. आईने गॅलरीच्या ग्रिलला चंदेरी पुड्यांच्या माळा बांधल्या होत्या, कबुतरं मिरचीच्या कुंडीत बसू नयेत म्हणून. रिकाम्या पुड्या दोऱ्यात ओवलेल्या, वाऱ्यावर चमकत होत्या. त्या माळांखाली मी रोज सकाळी उभा राहून दात घासत होतो. सिस्टर बोट लावून पुड्या मोजायला लागल्या. मधेच थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आठवड्याला एक घ्यायची ही."

मी बोललो ते आजही कानात आहे. "जास्त झालं तरी निघून जातं ना सिस्टर, व्हिटॅमिनच तर आहे."

"पाण्यात विरघळणारं निघून जातं, भाऊ. तेलात विरघळणारं नाय जात. ते घर करून राहतं. हाडात जायचा चुना आईंच्या रक्तात साठलाय. पावडर बंद करा. रक्तातलं कॅल्शियम बघा, आज. उद्या नाय."

त्याच दुपारी तपासलं. आकडा बघून लॅबवाल्याने पुन्हा तपासलं. आईला पनवेलला हॉस्पिटलात ठेवलं, दहा दिवस सलाइन चाललं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "रोज का घेत होत्या?" मी म्हटलं, "त्यांचा गैरसमज झाला." आईचा गैरसमज! आईला भेटायला आलेल्या सिस्टर तिथेच उभ्या होत्या. त्यांनी काचेवरून माझ्याकडे बघितलं.

आई वाचली. डोकं ताळ्यावर आलं, अंगात ताकद आली. पण तिला, आणि मानसीलाही, कोणी कारण सांगितलं नव्हतं. मी म्हटलं होतं, "अंगातलं पाणी कमी झालं होतं," आणि माळा गुपचूप काढून टाकल्या होत्या. आईच्या हिशेबी गोष्ट सरळ होती. घरातलं दूध बंद होतं त्या दहा दिवसांत ती बरी झाली. म्हणजे दूधच वाईट. घरी आल्यावर ती स्वतःचं दूध स्वतः तापवायला लागली, दुधाची पिशवी आपल्या खोलीत ठेवायला लागली, आणि मानसीने वाढलेल्या ताटातला पहिला घास बाजूला काढून ठेवायला लागली. मानसी ते बघायची आणि उष्टं उचलायची.

मला एक वाक्य बोलायचं होतं. 'आई, चूक माझी होती.' पण ज्याची नोकरीच औषध देण्याची, त्याने आईला औषध चुकीचं दिलं, हे आईला कसं सांगायचं? ती चारचौघांत माझा मुलगा औषधातला आहे म्हणून मिरवते. खाई त्याला खवखवे, म्हणून मानसीशीही मी डोळे भिडवून बोलत नव्हतो.

सिस्टर केंद्रावर आल्या की बाटल्या तपासता तपासता विचारायच्या, "आईंना सांगितलंत?"

"सांगतो."

"आजार सलाइननं निघाला, भाऊ. संशय तसा निघत नाय. तो तेलातला हाय."

दोनदा, तीनदा, चारदा विचारलं. वर्ष गेलं.

मग त्यांची निवृत्ती आली. दुपारी तीनला निरोप समारंभ होता आणि सिस्टर पावणेचारला आल्या. आयुष्यात पहिल्यांदा उशिरा. "काम होतं," एवढंच म्हणाल्या. ओठांचे कोपरे आता सुधारलेल्या डॉक्टरांनी शाल दिली. वाडीतल्या बाया शेवग्याच्या शेंगांचे भारे घेऊन आल्या होत्या. कोणीतरी केक आणला होता. सिस्टरांनी खोक्यावरची तारीख वाचली आणि सगळे हसले. त्याही हसल्या, पण केक खाल्ला नाही.

जाताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा थांबलेली होती. शेंगांचे भारे मागे कोंबले. आत बसायच्या आधी त्या वळल्या.

"भाऊ, आईंना सांगितलंत?"

आज शेवटचं विचारतायत, पुन्हा विचारणार नाहीत, हे मला कळत होतं. समारंभाचा दिवस, उगाच बाईंच्या मनाला घोर कशाला, असा बहाणा मी क्षणात शोधला.

"सांगितलं," मी म्हटलं.

मला वाटलं, आता काचेवरून बघतील. कधी सांगितलं, काय शब्दांत सांगितलं, आई काय म्हणाल्या, मानसी कुठं होती, असं एकेक खोदून काढतील. मी उत्तरं जुळवत होतो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. माझ्या हातावर हात ठेवला, रिक्षात बसल्या आणि गेल्या. ओढणीचं टोक बाहेर राहिलं होतं, ते त्यांनी आत ओढून घेतलं.

मी फाटकापाशी उभा राहिलो. त्यांनी शंका घेतली असती तर मी निभावून नेलं असतं. पण गिळलेल्या गोळीवर विश्वास न ठेवणाऱ्या बाईने माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवला होता आणि नेमका तोच शब्द खोटा होता. मला स्वतःची किळस आली. मी रजिस्टर उघडंच टाकून मोटारसायकल काढली आणि सरळ भिसेगावला आलो.

आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. टीव्ही बंद होता. मानसी आत भांडी लावत होती. मी बूटसुद्धा काढले नाहीत.

"आई, तू आजारी पडलीस ती माझ्यामुळे. ती पावडर आठवड्याला एकदा घ्यायची होती. मी तुला सांगितलं नाही. दुधात काही नव्हतं. मानसीने काही केलं नव्हतं. मला वर्षभर माहीत होतं."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. आईने पदराच्या काठावरून बोट फिरवलं. मग आत बघून म्हणाली, "मानसी, बाहेर ये गं. बस इथं माझ्यापाशी."

मानसी आली, पण बसली नाही, खुर्चीमागे उभी राहिली. आईने मागे हात करून तिचा हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"दुपारी ती सिस्टर आली होती."

"इथं? कशाला?"

"मला विचारलं तिनं, मुलगा तुमच्या आजारपणाबद्दल काय बोलला का? मी म्हटलं, नाय बा. काय बोलायचं हाय? तर म्हणाली, ते त्याच्याच तोंडून ऐका. आज बोलेल. मी म्हटलं, तुमी कशावरनं सांगता? तर म्हणाली, माणूस तसा नाय, मी अकरा वर्षं बघते. आज नक्की बोलेल, बसून राहा. म्हणून बसले होते."

म्हणजे मी फाटकापाशी 'सांगितलं' म्हणालो तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या 'बरं झालं' म्हणाल्या होत्या.